परत घेतलेली शपथ

त्या वर्षी माझ्या जिभेची चव गेली होती. कोरोनामुळे नव्हे, तो येऊन गेल्याला बराच काळ झाला होता. भाजीत मीठ बरोबर पडायचं, कारण हाताला सवय होती. घरातले म्हणायचे, आमटी चांगली झालीय. मी मान हलवायची. मला आमटी काय आणि कोमट पाणी काय, सारखंच लागायचं.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे पुष्कळ कारखाने आहेत, त्यातल्या एकात कामाला होते. शिवायला नव्हे. शर्टाचे तुकडे कापडावर कसे बसवले म्हणजे कापड कमी वाया जाईल, ते संगणकावर जुळवायचं, हे माझं काम. एक बाही इकडून फिरवायची, कॉलर तिकडे सरकवायची. ते काम मी नीट करत होते. उलट आधीपेक्षा जास्त नीट, असं साहेब म्हणायचे. मन कुठे भरकटतच नव्हतं. भरकटायला ते जागेवर असावं लागतं.

घर विजापूर रस्त्याच्या पुढच्या वस्तीत. खालच्या मजल्यावर मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. स्वयंपाकघर एकच, खाली. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. त्या मंगळवेढ्याकडच्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, आवाज मोठा. माझा नवरा औषध कंपनीचा प्रतिनिधी. लातूर, धाराशिव, पंढरपूर, आठवड्यातले चार दिवस बॅग घेऊन बाहेर. मोठ्या दिरांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. आम्हाला मूल नाही. हे इथंच सांगून टाकते, कारण नंतर ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी कारण म्हणून आधी तेच धरलं. तसं नव्हतं.

कारण काय, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. आदल्या हिवाळ्यात बार्शीला माझी आई गेली. मी तेरा दिवस तिथं होते. आल्यागेल्याला चहा केला, भाड्याची भांडी मोजून परत दिली, मावशीला धरून बसले. मी रडले नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. चौदाव्या दिवशी एसटीनं सोलापूरला आले आणि पंधराव्या दिवशी कामावर गेले. खंबीर म्हणाल्यावर आता काय करायचं, असा काहीसा विचार बसमध्ये आला होता. मग तोही गेला.

त्यानंतर केव्हातरी मी स्वतःला इजा करायला लागले. कशानं, कशी, ते इथं लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होणार नाही. एवढंच सांगते, की पहिल्यांदा झालं तो अपघातच होता, स्वयंपाकघरातला, कुणाच्याही हाताला होतो तसा. आणि दुखलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मला काहीतरी जाणवलं ते हेच. पुढच्या वेळी तो अपघात नव्हता.

लोकांना वाटतं, असं करणाऱ्याला मरायचं असतं, किंवा कुणाला तरी दाखवायचं असतं. मला दोन्ही नको होतं. दाखवायचं तर मुळीच नव्हतं. सगळं बधिर झालेलं असताना थोडा वेळ मी असल्यासारखं वाटायचं, एवढंच. ते टिकायचं नाही. मागून लाज यायची, लाज असह्य झाली की परत बधिरपणा, आणि परत तेच. त्यात सुटका नव्हती. घाण्याच्या बैलासारखं फिरणं होतं. पण त्या वेळी मला ते दिसत नव्हतं.

मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायला लागले. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, जेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कुणी विचारलं की सांगायची, ऑफिसात संगणकाच्या खोलीत एसी फार गार असतो. ते खोटं नव्हतं. माझ्या टेबलावर खरंच थंड वारा यायचा.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. येणार त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस भांडं घेऊन उभा असतो. त्या रविवारी दुपारी पाणी आलं. दीर दुकानात, नवरा गाडी धुवून आणायला गेलेला. आक्का, त्यांची मुलगी आणि मी हौदापासून स्वयंपाकघरापर्यंत कळशा नेत होतो. आक्कांनी साडी खोचलेली. मुलगी पूर्ण भिजलेली. आणि मी मनगटापर्यंत बाह्या घालून.

"आगं, वर कर की त्या बाह्या. चिंब झाल्यात," आक्का म्हणाल्या.

"असू दे."

"असू दे काय! सर्दी हुईल." आणि माझे दोन्ही हात कळशीला गुंतलेले असताना त्यांनीच माझी डावी बाही कोपरापर्यंत सरकवली.

त्यांनी खुणा पाहिल्या. मुलीला म्हणाल्या, "जा, वर गच्चीवर टाकी भरली का बघून ये." मुलगी पळाली. आक्कांनी माझ्या हातातली कळशी काढून खाली ठेवली.

"भावजींनी केलं?"

"नाही."

"खरं सांग. हात उचलतेत व्हय तुझ्यावर? मी बघते त्यांच्याकडं."

"नाही आक्का. त्यांना माहीतही नाही."

"मग कुनी?"

"मीच."

त्यांना ते कळलं नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, तशाच आवाजात. पाइप हौदातच होता. हौद भरून पाणी अंगणात वाहायला लागलं. एरवी थेंब सांडला तरी ओरडणाऱ्या आक्का ते वाहतं पाणी बघत उभ्या राहिल्या.

"मरायचं हुतं का तुला?"

"नाही."

"मग कशापायी? आमी काय कमी केलं गं तुला? कुनी बोललं का? जेवाय-खायला कमी हाय?"

मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटत नव्हतं. त्यांचा चेहरा मला काचेपलीकडून दिसत होता. मी वाकले आणि नळ बंद केला.

संध्याकाळी त्यांनी मला देवघरात नेलं. मुलगी बाहेर टीव्ही बघत होती. आक्कांनी दार लोटलं, माझा हात देवाच्या पाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीची शपथ घे. पुन्यांदा असं करनार न्हाय म्हन."

त्यांनी हे मायेनं केलं, यात मला शंका नव्हती. घरात त्यांच्याजवळ सगळ्यात मोठं जे होतं ते त्यांनी माझ्यासाठी पाटावर ठेवलं होतं. मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि भाकरी थापायला गेल्या. त्यांच्या दृष्टीनं ते मिटलं.

ती शपथ मी तीनेक आठवडे पाळली. मग मोडली. मोडल्यावर ते लपवण्यात माझी सगळी अक्कल खर्च व्हायला लागली. आधी फक्त लाज होती. आता त्यात भीती आली. मुलगी शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी खिडकीत. तिला ठेच लागली की मला शपथ आठवायची. शपथेनं मला थांबवलं नाही. मी आक्कांपासून दूर गेले, एवढं झालं. पूर्वी त्या भाजी निवडताना शेजारी बसायच्या तर मीही बसायची. आता मी भाजी घेऊन वर जायची.

पावसाळा संपता संपता मुलीला ताप आला. आमच्या भागात त्या वर्षी घरोघर डेंगी होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवावं लागलं. प्लेटलेट उतरत होत्या. आक्का तिच्या उशाशी, दीर औषधांच्या दुकानात, मी घरून डबा घेऊन आलेली. मुलगी झोपलेली. सलाइनची नळी लावलेला तिचा हात चादरीवर होता, लहानसा. मी आक्कांना बाहेर बोलावलं. व्हरांड्यात बाकावर दुसऱ्या पेशंटची माणसं केळी खात बसली होती. त्यांच्यापासून थोडं लांब, जिन्याजवळ मी सांगितलं.

"आक्का, मी शपथ मोडली."

त्यांना आधी कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. त्यांचे ओठ पांढरे पडले.

"कवा?"

"मागेच. ताप यायच्या आधी."

त्या मारतील असं मला वाटलं, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जा तू घरी. डबा ठिवून जा."

पुढे मुलगी घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात आम्ही एकमेकींच्या बाजूनं भांडी सरकवायचो. मी रोज कामावर जात होते आणि रोज तेवढेच शर्ट जुळवत होते. प्लेटलेट वाढल्या, ताप उतरला, मुलगी परत मोबाइल मागायला लागली. मला आनंद व्हायला हवा हे समजत होतं.

मग एका सकाळी आक्का जिना चढून वर आल्या. त्या सहसा वर येत नाहीत, गुडघे दुखतात. पलंगाच्या कडेवर बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "पोरीचा ताप डासानं आला. तुझ्यानं न्हाय."

मी त्यांना पाण्याचा पेला दिला.

"मी लई इचार केला. आधी वाटलं, तुझ्यामुळंच. खोटं कशाला बोलू? मग डागदरला इचारलं. तुझं नाव न्हाय घेतलं. म्हनलं, आमच्या नात्यात एक बाई हाय, ती असं असं करती. तो म्हनला, हा आजाराचा भाग असतुया, तिला रागवू नका, शपथा-बिपथा घालू नका, मानसिक डागदरकडं न्या." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ती शपथ मी परत घेतली. देवाला सांगून आली आत्ताच. आता तुझ्यावर कसली शपथ न्हाय."

मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं असं वाटत असेल. आलं नाही. पण खांद्यांवरून काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं. शरीराला कळलं, मला नाही.

"भावजींना तू सांगतीस का मी सांगू?"

"तुम्ही सांगा. मी बसते शेजारी."

त्या शनिवारी लातूरहून आल्यावर नवऱ्याला सांगितलं. बूटसुद्धा काढले नव्हते त्यांनी. ऐकून घेतलं, उठले, स्वयंपाकघरात गेले आणि सुऱ्या, विळी, कात्री, सगळं गोळा करून कपाटात कुलपात ठेवलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडला होता, तरी ऐकू येत होतं. मी बाहेर उभी होते. दार वाजवावं की नाही, ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपासायला सुरुवात केली. सकाळी, आणि मी कामावरून आले की. "दाखव." मी दाखवायची. बाहेरगावी असले की व्हिडिओ कॉल करायचे. "हात दाखव." त्यांचा जीव जात होता, हे मला समजत होतं. पण दाखवताना मी कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर पडलेल्या शर्टासारखी व्हायची. शिलाई सुटलीय का, डाग आहे का, पुढे सरकवा. आणि मला हेही कळलं होतं की तपासणारा कुठे बघत नाही.

एकदा आक्कांनी ते पाहिलं. खालच्या खोलीत, चहाच्या वेळी.

"भावजी, ती काय माल हाय व्हय?"

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्हाला इतके महिने माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही."

"व्हय, चुकलं माझं. आन् तुमचं बी चुकायलंय. इळी कुलपात घातली तुमी, मी कांदा दातानं चिरायलीय का गेल्या आठवड्यापासनं?"

त्यांना हसू आलं. मग त्यांनी डोळे चोळले. "मग करू काय मी? सांगा. मी काय करू?"

"डागदरकडं न्यायचं."

तिथं अडलं होतं ते वेगळंच. नवऱ्याचा सगळा दिवस डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर जायचा. शहरातले निम्मे डॉक्टर त्यांना नावानं ओळखत. ते म्हणाले, पुण्याला जाऊ. आक्का म्हणाल्या, पुन्याला दर आठवड्याला कोन जानार? हुरड्याला जायला सुटी मिळत न्हाय तुमाला. शेवटी सोलापुरातल्याच एक डॉक्टरबाई निघाल्या, ज्यांच्याकडे त्यांची कंपनी जात नव्हती.

आम्ही तिघं गेलो. बाहेर रांगेत एक म्हातारे गृहस्थ उर्दू पेपर वाचत होते, एक आई तेलुगूत मुलाला काहीतरी समजावत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि तसं न बघण्यात मला थोडं बरं वाटलं.

डॉक्टरबाईंनी आधी मला एकटीला आत घेतलं. मला वाटलं, का करता असं विचारतील. तो प्रश्न आतापर्यंत सगळ्यांनी विचारला होता. त्यांनी विचारलं, "होण्याच्या थोडं आधी काय होतं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी विचार केला.

"काहीच होत नाही," मी म्हणाले. "म्हणजे, काहीच होत नसतं. तेच होतं."

"रिकामं?"

"हो."

"आणि मरावंसं वाटतं का?"

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं, की मीही साधंच सांगितलं. "नाही. पण जगतेय असंही वाटत नाही."

"या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मला सांगायच्या. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं, किंवा घरातल्यांना उठवायचं. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणाले. ते शपथेसारखं वाटलं नाही. नाही जमलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

मग बाकीच्या दोघांना बोलावलं. आक्कांनी लगेच विचारलं, "बाई, हे कवा बंद हुईल?" डॉक्टरबाई म्हणाल्या, ते सांगता येत नाही. कमी होईल, मध्ये परत होईलही, तेव्हा सगळं फुकट गेलं असं समजायचं नाही. नवऱ्याला म्हणाल्या, ज्यानं इजा होऊ शकते ते तिच्याशी बोलून, तिला विचारून लांब ठेवा, पण हात तपासू नका. ती दाखवेल तेव्हा बघा. जखम असली तर आधी जखमेचं बघायचं, धुवायची, पट्टी करायची, जास्त असेल तर दवाखाना, आणि बोलणं नंतर. आक्कांनी विचारलं, "आन् बोलायचं काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "फार काही नाही. ऐकायचं."

"ते अवघड हाय मला," आक्का म्हणाल्या. डॉक्टरबाई हसल्या. गोळी लिहून दिली, समुपदेशनाची वेळ दिली. बाहेर आल्यावर नवऱ्यानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हीच गोळी आमची कंपनी पण काढते. दुसऱ्या नावानं." आम्ही तिघंही पार्किंगमध्ये उभे होतो. का कोण जाणे, आक्काच पहिल्यांदा हसल्या.

गोळीनं पहिले काही आठवडे फक्त झोप येत होती. समुपदेशनाला आठवड्यातून एकदा. तिथं आईबद्दल बोलायला मला बराच वेळ लागला, आणि जे बोलले ते इथं लिहायचं नाही. घरी मात्र आक्कांनी एक सुरू केलं. संध्याकाळी भाकरी करताना, माझ्याकडे न बघता, तव्याकडे बघत विचारायच्या, "आज कसं हाय?"

मी म्हणायची, "रिकामं."

"बरं."

आणि भाकरी उलटायच्या. उपाय सांगायच्या नाहीत. हे त्यांना किती जड जात होतं, ते दिसत होतं. जबडा घट्ट धरलेला असायचा. एरवी सर्दीवर सुद्धा त्यांच्याकडे चार उपाय असतात. कधी मी म्हणायची, "जरा जड." तेव्हाही "बरं." एकदा म्हणाल्या, "जड हे रिकाम्यापेक्षा बरं का वाईट?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्यावर विचार केला.

एका दुपारी, सुटीच्या दिवशी, परत तेच करावंसं वाटायला लागलं. घरात आम्ही दोघीच. मी जिन्यावरून हाक मारली, "आक्का." दुसरं काही म्हणाले नाही. त्या आल्या. त्यांना काय करायचं माहीत नव्हतं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मग परत खाली गेल्या. मला वाटलं, गेल्या. त्या शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि जमिनीवर बसल्या.

"फोड," म्हणाल्या.

आम्ही शेंगा फोडत बसलो. शेंगांच्या चटणीला दाणे लागणारच होते. माझी बोटं आपली आपण चालत होती. टरफलं इकडे, दाणे तिकडे. आक्का मधूनच दाणे तोंडात टाकत होत्या. सांगोल्याच्या त्यांच्या मामेबहिणीच्या डाळिंबाच्या बागेत शेळ्या शिरल्या, ते सांगत होत्या. मी अर्धं ऐकत होते. बराच वेळ गेला.

"गेलं?"

"कमी झालं."

"च्या करू?"

"करा."

एवढंच. डोक्यात प्रकाश पडला वगैरे काही नाही. त्या दिवशी झालं नाही, एवढं मात्र खरं. पुढच्या वेळी हाक मारणं थोडं सोपं गेलं. त्याच्या पुढच्या वेळी परत अवघड गेलं आणि मी हाक मारली नाही.

तेव्हा पुढचा उन्हाळा आला होता. मी स्वतः खाली गेले आणि आक्कांना हात दाखवला. त्या कणीक मळत होत्या. हात धुतले, डब्यातून कापूस आणि पट्टी काढली. "हळद न्हाय लावत. साबनपान्यानं धुवायला सांगितलंय बाईंनी," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी जखम धुतली. त्यांचे हात थरथरत होते. माझे नव्हते. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले, आणि आतमध्ये कुठेतरी, फार खोल, काहीतरी हललं. मला त्यांची कीव आली. दीड वर्षांत मला कुणाची कीव आली नव्हती.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय."

त्या दिवशी मी समुपदेशक बाईंना फोन केला आणि आधीची वेळ मागून घेतली.

आता यातलं पुष्कळ मागे पडलंय. पूर्ण गेलंय असं मी म्हणत नाही. वर्ष होत आलं, मी इजा केलेली नाही. ते येतं कधी कधी, दारात उभं राहतं, मी काम करत राहते. गोळी कमी केलीय, बंद नाही. हातावरच्या खुणा फिकट झाल्यात. नवरा आता "दाखव" म्हणत नाहीत. बाहेरगावाहून फोन केला की जेवलीस का विचारतात, आणि मी काय जेवले ते सांगते.

आक्कांचं मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. गेल्या हिवाळ्यात त्या तपासणीला माझ्याबरोबर आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?" आणि आक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दमली मी," म्हणाल्या. "रोज कान हिच्या जिन्याकडं लागलेला असतुया. झोपंत सुद्धा." इतके दिवस मी हे पाहिलंच नव्हतं. मला पाहण्याइतकं काही जाणवतच नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही दिवस माहेरी जा. आक्का नाही म्हणाल्या. मी म्हणाले, "जा आक्का."

"आन् तुला गरज लागली तर?"

"फोन करेन. ह्यांना सांगेन. डॉक्टरबाई आहेत."

त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

संक्रांत झाल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गड्ड्याची यात्रा, आमच्याकडची संक्रांतीची मोठी जत्रा, चालू होती, गाड्यांना गर्दी. मंगळवेढ्याची गाडी लागल्यावर त्यांनी खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली, मग दारातून घुसल्या. कंडक्टरशी कशावरून तरी वाद घातला. खिडकीतून तोंड बाहेर काढून मला म्हणाल्या, "दुधाचं बघ. आन् पोरीला येनी घालून दे, तिच्या बापाला येत न्हाय."

"घालते."

गाडी निघाली. मी स्टँडवरच थोडी थांबले. आठ दिवस आक्का घरात नसणार, याची मला भीती वाटली. छातीत, बरोबर मधोमध. तिथं उभं राहून मी ती भीती ओळखायला वेळ घेतला. मग बाहेर येऊन रिक्षा केली आणि कामावर गेले. संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं, आज भीती वाटली. त्यांनी विचारलं, किती वेळ?

"रिक्षा मिळेपर्यंत," मी म्हणाले.